वाळू आणि निर्जल लवण

चेन्नईच्या दक्षिण भागात, गिंडी आणि अड्यार या परिसरांत, विद्येची तीन स्थाने एकमेकांपासून फार दूर नाहीत : मद्रास विद्यापीठाचा गिंडी येथील विज्ञान परिसर, अण्णा विद्यापीठ, आणि १९५९ साली स्थापन झालेली मद्रासची भारतीय तंत्रज्ञान संस्था. तेथून किनाऱ्याच्या कडेने सुमारे सत्तर किलोमीटर दक्षिणेस गेले, म्हणजे कल्पाक्कमचे इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र लागते. याच राज्याच्या अगदी दक्षिण टोकाशी, चेन्नईपासून सुमारे सातशे किलोमीटरांवर, कन्याकुमारी जिल्ह्यात मनवलकुरिची नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. तेथील वाळू काळसर व जड असून तिच्यात मोनॅझाइट या खनिजाचे पिवळसर तपकिरी कण मिसळलेले असतात. राज्याच्या एका टोकास वाळू आणि दुसऱ्या टोकास प्रयोगशाळा, अशी ही स्थिती आहे. या दोहोंना जोडणारी वस्तू दिसावयास मात्र अगदी साधी, मिठासारखी आहे. ती वस्तू म्हणजे विरल मृत्तिकांचे हॅलाइड. उदाहरणार्थ, लँथॅनम क्लोराइड.

विरल मृत्तिकांविषयी अलीकडे पुष्कळ बोलले आणि लिहिले जाते. त्या चर्चेत वाळूचे साठे मोजले जातात, प्रबळ चुंबकांची व विजेवर चालणाऱ्या मोटारींची थोरवी सांगितली जाते. परंतु मधल्या या लवणाचा उल्लेख क्वचितच होतो. वस्तुतः देशाची खरी कसोटी त्या लवणापाशीच लागते. ज्यास ते शुद्ध आणि कोरडे करता येते, त्याच्याच हाती वाळूचे मोल राहते. ज्यास ते येत नाही, त्याच्याकडे वाळू कितीही असली तरी तो केवळ वाळूचा राखणदार ठरतो.

प्रथम नावाविषयी दोन शब्द सांगावयास हवेत. पाण्यात न विरघळणाऱ्या आणि विस्तवातही सहसा न वितळणाऱ्या ऑक्साइडांना जुने रसायनज्ञ ‘मृत्तिका’ म्हणत. लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंतची पंधरा मूलद्रव्ये आणि त्यांच्या जोडीस स्कँडियम व इट्रियम, अशा सतरा मूलद्रव्यांना मिळून विरल मृत्तिकांचा गट म्हणतात. ‘विरल’ हे विशेषण त्यांना फारसे शोभत नाही. त्यांपैकी सिरियम हे भूकवचात जवळजवळ तांब्याइतकेच आहे. अडचण त्यांच्या दुर्मिळतेची नसून त्यांच्या सारखेपणाची आहे. एकाच घरातील भावंडांप्रमाणे ही मूलद्रव्ये एकत्र राहतात, एकसारखी वागतात, आणि एकास बाजूला काढू गेले तर बाकीची त्याच्यामागोमाग येतात. फ्लुओरीन, क्लोरीन, ब्रोमीन आणि आयोडीन यांना हॅलोजन, म्हणजे लवण निर्माण करणारी मूलद्रव्ये, असे म्हणतात. त्यांचे धातूशी जे संयुग बनते ते हॅलाइड. घरातील मीठ हे सोडियमचे हॅलाइड होय.

मनवलकुरिचीची वाळू जगाच्या नजरेस आली ती १९०९ साली, शोमबर्ग या जर्मन रसायनज्ञामुळे. त्या काळी युरोपातील शहरे गॅसच्या दिव्यांनी उजळत. त्या दिव्यांच्या जाळ्यांना थोरियम लागे, आणि थोरियम मोनॅझाइटात सापडे. पहिल्या महायुद्धापूर्वीच ही वाळू परदेशी जाऊ लागली. जाळीसाठी थोरियम काढून घेतल्यावर उरणाऱ्या विरल मृत्तिकांना त्या वेळी फारशी किंमत नव्हती. गॅसच्या जाळीचा शोध लावणारे आउअर फोन वेल्सबाख यांनीच पुढे त्या उरलेल्या मालापासून ठिणगी देणारी मिश्रधातू बनविली, आणि सिगारेट पेटविण्याच्या यंत्रातील ‘गारगोटी’ जन्मास आली.

स्वातंत्र्यानंतर या वाळूकडे पाहण्याची दृष्टी बदलली. १९५० च्या ऑगस्टमध्ये ‘इंडियन रेअर अर्थ्स’ या संस्थेची स्थापना झाली. केरळातील आलुवा येथील तिच्या कारखान्याचे उद्घाटन २४ डिसेंबर १९५२ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. कन्याकुमारीचा प्रदेश तेव्हा त्रावणकोर-कोचीन राज्यात होता; १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो मद्रास राज्यात आला. आज ‘आयआरईएल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सार्वजनिक उपक्रमाचे मुख्यालय मुंबईस आहे. आलुवाच्या कारखान्यातून अनेक वर्षे जो मुख्य माल बाहेर पडे, तो म्हणजे विरल मृत्तिकांचे मिश्र क्लोराइड. याचा अर्थ असा की, या विषयात स्वतंत्र भारताने पहिली जी वस्तू मोठ्या प्रमाणावर बनविली, ती एक हॅलाइडच होती.

ते कसे बनत असे, हे समजून घेण्यासारखे आहे. मोनॅझाइट हे विरल मृत्तिकांचे व थोरियमचे फॉस्फेट आहे. त्याची बारीक पूड कॉस्टिक सोड्याच्या तीव्र विद्रावात तापविली, म्हणजे फॉस्फेटाचा भाग सोड्याबरोबर विरघळून जातो आणि धातूंची हायड्रॉक्साइडे साक्याच्या रूपाने खाली राहतात. या साक्यावर बेताने हायड्रोक्लोरिक आम्ल घातले, तर विरल मृत्तिका क्लोराइड होऊन विद्रावात उतरतात आणि थोरियम बहुतांशी मागे राहते. शिसे, रेडियम यांसारखी किरणोत्सर्गी अशुद्ध द्रव्ये काढून टाकून विद्राव आटविला की मिश्र क्लोराइडाचे ओलसर खडे मिळतात. यात कष्ट आहेत, दक्षताही आहे. पण हा अर्धाच रस्ता झाला. या खड्यांत सर्व भावंडे एकत्र असतात, आणि त्यांच्या सोबतीस पाणी असते.

यांतील पाणी हा पुढील सर्व कथेतील खरा प्रतिपक्षी होय. विरल मृत्तिकांचे ऑक्साइड फार हट्टी असते. कोळशाबरोबर तापवून लोखंडाप्रमाणे त्यातून शुद्ध धातू निघत नाही. त्यामुळे धातूकडे जावयाचे तर हॅलाइडाच्या दारातूनच जावे लागते. स्वीडनमधील मोसांडर यांनी १८२७ च्या सुमारास सिरियमच्या क्लोराइडावर पोटॅशियमची क्रिया करून अशुद्ध धातू मिळविली. १८७५ मध्ये हिलब्रँड आणि नॉर्टन यांनी वितळलेल्या क्लोराइडांतून वीज सोडून सिरियम व लँथॅनम यांचे धातुरूप हाती आणले. आजही चुंबकांसाठी लागणारे निओडिमियम बहुतांशी वितळलेल्या फ्लुओराइडांच्या कुंडात, विजेच्या साहाय्याने, ऑक्साइडापासून वेगळे केले जाते. दार तेच आहे. केवळ चौकट बदलली आहे.

आता लँथॅनम क्लोराइडाचे पाहू. विद्रावातून त्याचे स्फटिक पडतात तेव्हा दर रेणूबरोबर पाण्याचे सात रेणू असतात. हे पाणी तापवून घालवावे, असे कोणासही सुचेल. परंतु भट्टीत ठेवले असता शेवटचे पाणी निमूटपणे निघून जात नाही. जाता जाता ते क्लोराइडाशीच क्रिया करते, हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ बाहेर पडते, आणि मुशीत ऑक्सिक्लोराइड नावाचे एक संयुग शिल्लक राहते. त्यापासून ना चांगला स्फटिक वाढतो, ना चांगली धातू निघते. पावसाळ्यात डब्यातील मीठ ओलावते, तेव्हा ते तव्यावर परतले की पुन्हा कोरडे होते. या मिठाच्या बाबतीत तो उपाय चालत नाही.

यावर रसायनज्ञांनी जो तोड काढला, त्यातील मुख्य द्रव्य मराठी घरांना परके नाही. ते म्हणजे नवसागर, अर्थात अमोनियम क्लोराइड. कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकून बोळ्याने फिरवितो, तेव्हा पांढरा धूर निघतो आणि तांब्या-पितळेवरील ऑक्साइडाचा काळा थर निघून जाऊन स्वच्छ धातू दिसू लागते. मग कथील त्यावर पसरते. उष्णतेने नवसागराचे अमोनिया व हायड्रोजन क्लोराइड यांत विघटन होते, आणि हायड्रोजन क्लोराइड त्या ऑक्साइडाचा समाचार घेते. लँथॅनमच्या ऑक्साइडात किंवा सजल क्लोराइडात नवसागर भरपूर मिसळून काही शे अंशांपर्यंत सावकाश तापविले, तर हेच घडते : पाणी निघून जात असताना भोवती हायड्रोजन क्लोराइड असल्यामुळे ऑक्सिक्लोराइड बनू शकत नाही. नंतर निर्वातात तापमान वाढवून उरलेला नवसागर उडवून लावितात. टेलर व कार्टर यांनी १९६२ मध्ये या पद्धतीचे सविस्तर विवेचन केले, आणि तिची सुधारलेली रूपे आजही प्रयोगशाळांत वापरली जातात. मिळालेले निर्जल लवण मात्र उघड्या हवेत क्षणभरही ठेवता येत नाही. पाण्यापासून मुक्त राखलेल्या बंद पेटीत, रबरी हातमोज्यांतून हात घालून, त्याची हाताळणी करावी लागते. चेन्नईसारख्या समुद्रकाठच्या दमट शहरात या कामास किती चिकाटी लागत असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

या लवणाची अंतर्रचना कळल्यावाचून ही चिकाटी कशासाठी, हे समजत नाही. ती रचना झॅकरायासेन यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केली. लँथॅनमचा प्रत्येक आयन क्लोरीनच्या नऊ आयनांनी वेढलेला असतो. त्रिकोणी लोलकाच्या सहा कोपऱ्यांवर सहा आणि त्याच्या तीन बाजूंसमोर आणखी तीन, अशी ही मांडणी आहे. असे लोलक एकावर एक रचले जाऊन खांब तयार होतात, आणि खांबांच्या मांडणीतून षट्कोनी स्फटिक उभा राहतो. मांडणीचा जो घटक पुन्हा पुन्हा येतो त्याची एक बाजू सुमारे ७.५ आणि उंची सुमारे ४.४ अँगस्ट्रॉम असते; एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोट्यंश.

लँथॅनमकडून ल्युटेशियमकडे जाताना आयनाची त्रिज्या सुमारे १.०३ अँगस्ट्रॉमपासून ०.८६ अँगस्ट्रॉमपर्यंत हळूहळू घटते. हा फरक एका मूलद्रव्यापासून दुसऱ्यापर्यंत नगण्य वाटतो. पण त्याचा परिणाम एका जागी अचानक दिसतो. गॅडोलिनियमपर्यंतच्या क्लोराइडांत नऊ शेजारी सुखाने मावतात. टर्बियमपाशी नऊ मावेनासे होतात आणि आठच उरतात. डिस्प्रोशियमपासून पुढे सहाच राहतात, आणि खांबांची रचना मोडून एकावर एक पसरलेल्या थरांची रचना येते. जी भावंडे विद्रावात एकमेकांपासून ओळखू येत नाहीत, ती स्फटिकात आपापले वेगळेपण असे दाखवितात. क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना वाचण्याची विद्या चेन्नईत फार पूर्वीच रुजली आहे. १९५२ मध्ये जी. एन. रामचंद्रन मद्रास विद्यापीठात आले आणि १९५४ मध्ये त्यांनी गोपीनाथ कर्था यांच्यासह कोलॅजेन या प्रथिनाची तिपेडी रचना मांडली. विषय निराळा होता. पण क्ष-किरणांच्या ठिपक्यांवरून अणूंच्या जागा ठरविण्याची शिस्त तीच होती. पुढे अण्णा विद्यापीठात स्फटिकवर्धनाचे स्वतंत्र केंद्रही उभे राहिले.

या रचनेचा उपयोग काय, असे कोणी विचारील. लँथॅनम क्लोराइडात किंवा ब्रोमाइडात थोडेसे सिरियम मिसळून मोठा स्फटिक वाढविला, तर त्यावर गॅमा किरण पडताच प्रकाशाची सूक्ष्म चमक उमटते, आणि त्या चमकेवरून किरणाची ऊर्जा मोजता येते. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथील संशोधकांनी २००० व २००१ मध्ये या दोन स्फटिकांचे हे गुण जगापुढे मांडले. सोडियम आयोडाइडाच्या जुन्या स्फटिकात ऊर्जामापनाची अनिश्चितता सुमारे सात टक्के असे. लँथॅनम ब्रोमाइडात ती तीन टक्क्यांच्या खाली आली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही अणुकेंद्राच्या अभ्यासासाठी असे शोधक वापरले जातात. पण षट्कोनी स्फटिक तापमान बदलताना सर्व दिशांनी सारखा आकुंचन पावत नाही, म्हणून थंड होताना तो सहज तडकतो. आणि मूळ लवणात पाण्याचा किंवा ऑक्सिजनाचा अंश राहिला असेल, तर स्फटिक दुधाळ होऊन वाया जातो. कल्पाक्कमच्या केंद्रात याच कुळातील लवणांशी दुसऱ्या कामानिमित्त गाठ पडते. वापरलेले धातुरूप अणुइंधन लिथियम व पोटॅशियम यांच्या वितळलेल्या क्लोराइडांत, सुमारे ५०० अंश सेल्सिअस तापमानास, विजेने शुद्ध करण्याच्या पद्धतीवर तेथे संशोधन होते. त्या कुंडात इंधनातील विरल मृत्तिका क्लोराइडांच्या रूपाने मागे राहतात. तेथेही पाणी हाच शत्रू आहे.

येथवरची हकिगत रसायनशास्त्राची झाली. आता तिच्यातून निघणाऱ्या मताकडे वळू. भारताच्या किनाऱ्यावरील मोनॅझाइटाचा साठा सुमारे १ कोटी ३० लाख टन असल्याचे शासनाच्या खनिज-सर्वेक्षणात सांगितले आहे. हा आकडा अभिमानाने उच्चारला जातो. परंतु आकड्याने धातू निघत नाही. दीर्घकाळ या देशाने मिश्र क्लोराइड बाहेर पाठविले आणि त्यातूनच बनलेल्या वस्तू अनेक पटींच्या किमतीस परत विकत घेतल्या. कापूस देऊन कापड घेण्याची जी रीत एकेकाळी आपल्यावर लादली गेली होती, तिच्याशी ही रीत फार मिळतीजुळती आहे. भेद इतकाच की या वेळी ती कोणी लादलेली नव्हती.

यावर व्यवहारी माणसाचा एक आक्षेप येतो. जगाच्या बाजारात शुद्ध लवणे, धातू, स्फटिक सर्व काही मिळते. मागणी थोडी, खर्च मोठा. मग येथे एवढा खटाटोप कशासाठी? या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. प्रत्येक देशाने प्रत्येक वस्तू बनवावी, हा आग्रह शहाणपणाचा नव्हे. तथापि १ टन लोखंड एका देशाने दिले नाही तर दुसरा देतो. विरल मृत्तिकांच्या शुद्धीकरणाचे बहुतेक काम मात्र एकाच देशात एकवटलेले आहे. २०२५ च्या एप्रिल महिन्यात चीनने सात विरल मृत्तिकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले, तेव्हा दूरदूरच्या देशांतील मोटारींच्या कारखान्यांना त्याची झळ पोहोचली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात भारत शासनाने विरल मृत्तिकांच्या चुंबकांसाठी ७,२८० कोटी रुपयांच्या योजनेस मान्यता दिली. पाऊल स्वागतार्ह आहे. पण कारखान्याची इमारत दोन वर्षांत उभी राहते; ओलावा कोठून शिरतो हे वासावरून आणि रंगावरून ओळखणारा कुशल प्रयोगसहायक दोन वर्षांत तयार होत नाही.

याहून अधिक महत्त्वाची गोष्ट मनवलकुरिचीच्या किनाऱ्यावर आहे. वाळू ही तेथील लोकांच्या दृष्टीने केवळ खनिज नव्हे. ती मच्छीमारांच्या होड्या ओढण्याची, जाळी वाळविण्याची आणि लाटांपासून घरे राखणारी भूमी आहे. मोनॅझाइटातील थोरियममुळे ही वाळू किरणोत्सर्गी असते, आणि तिच्या उपशाविषयी व प्रक्रियेविषयी किनाऱ्यावरील लोकांच्या मनात शंका व विरोध आहे. २०१३ मध्ये तमिळनाडू शासनाने किनाऱ्यावरील खनिजांच्या खासगी उत्खननास बंदी घातली, तीही बेकायदा उपशाच्या तक्रारींनंतरच. या शंकांना ‘देशाची गरज’ एवढे एकच उत्तर देऊन गप्प करणे न्यायाचे नाही. गरज खरी आहे हे दाखवावयाचे असेल, तर घेतलेल्या प्रत्येक टन वाळूचे शेवटपर्यंत काय झाले, हे दाखविता आले पाहिजे.

म्हणून या लेखाचे म्हणणे असे आहे : ज्यास निर्जल लवण करता येत नाही, त्याने किनाऱ्याकडे वाळू मागू नये. किनाऱ्याने आपली भूमी द्यावी, धूळ सोसावी, आणि त्या त्यागातून निघालेला माल अर्ध्या वाटेवरूनच दुसऱ्याच्या दारी जावा, हा व्यवहार आर्थिक दृष्ट्या तोट्याचा आहेच. त्याहून अधिक तो नैतिक दृष्ट्या अपुरा आहे. याउलट थोडीच वाळू घेऊन, तिच्यातील प्रत्येक मूलद्रव्य वेगळे करून, थोरियमचा साठा जबाबदारीने सांभाळून, शेवटी स्फटिक आणि धातू येथेच हाती आली, तर किनाऱ्यावरील माणसापुढे हिशेब घेऊन उभे राहता येईल.

त्यासाठी फार मोठ्या घोषणांची आवश्यकता नाही. संयुगे बनविण्याच्या कामास, म्हणजे प्रयोगशाळेतील भट्टी, निर्वात पंप आणि बंद पेटी यांच्या शेजारी काढलेल्या वर्षांना, सिद्धान्ताइतकाच मान मिळाला पाहिजे. नवा शोध लावणाऱ्याचे नाव छापले जाते. तोच शोध शंभर वेळा तितक्याच शुद्धतेने करून दाखविणाऱ्याचे नाव कोणी घेत नाही. अशा सहायकांना स्थिर नोकरी आणि शिकविण्याची संधी मिळाली, तर त्यांच्या हातातील विद्या त्यांच्याबरोबर निवृत्त होणार नाही. चेन्नईत रचना वाचणारे आहेत, स्फटिक वाढविणारे आहेत, वितळलेल्या लवणांशी झुंजणारेही आहेत. त्यांच्यातील अंतर काही किलोमीटरांचे आहे. वाळूपासून स्फटिकापर्यंतची एक संपूर्ण साखळी एकाच राज्यात जुळविता येण्याजोगी ठिकाणे देशात थोडी आहेत.

शाळांचाही यात वाटा आहे. रसायनशास्त्राच्या तासाला विद्यार्थी विरल मृत्तिकांची नावे पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. त्याऐवजी एखाद्या शिक्षकाने मोरचुदाचे निळे स्फटिक परीक्षानळीत तापवून पांढरे करून दाखवावेत, त्यावर पाण्याचा थेंब टाकून ते पुन्हा निळे करावेत, आणि मग विचारावे की, हे पाणी इतक्या सहज निघाले, मग दुसऱ्या एका लवणातून ते का निघत नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधणारा एखादा मुलगा किंवा मुलगी पुढे त्या बंद पेटीपुढे उभी राहील.

गल्लीतून फिरणारा कल्हईवाला भांडे प्रथम स्वच्छ करतो, आणि मगच त्यावर कथिलाचा हात फिरवितो. ओल्या किंवा मळक्या भांड्यावर कल्हई बसत नाही, हे त्यास कोणत्याही पुस्तकाने सांगितलेले नसते. दक्षिणेच्या किनाऱ्यावरील वाळूस देशाच्या संपत्तीचे रूप द्यावयाचे असेल, तर त्याच्याच क्रमाने जावे लागेल. आधी पाणी काढावे, आधी मळ काढावा. चमक त्यानंतरची आहे.